एका घटकेचा फरक : फौजदार मालिकेतील नव्या कादंबरीच्या प्रकल्प नोंदी

१२ जानेवारी

बाईंनी नव्या कादंबरीचा पहिला खर्डा काल सायंकाळी माझ्याकडे पाठवून दिला. फौजदार मालिका गेली कित्येक वर्षे चालू आहे आणि दर पुस्तकाच्या वेळी माझ्याकडे तीच दोन कामे असतात. आधीच्या पुस्तकांशी मेळ बसतो की नाही हे पाहायचे आणि काळाचे तपशील पारखून घ्यायचे. बाईंच्या भाषेला मी हात लावत नाही आणि माझ्या खुणांवर बाई रागावत नाहीत, हा आमच्यातील जुना करार आहे. त्याचा दुसरा भाग पहिल्याइतका काटेकोरपणे पाळला जातो असे मात्र म्हणता येणार नाही.

कथानकाचा गाभा येथे नोंदवून ठेवतो. १० नोव्हेंबर १८९४ च्या संध्याकाळी, मावळतीची किरणे अंबाबाईच्या गाभाऱ्यात पोहोचत असताना, महाद्वाराजवळच्या एका वाड्यात तुळशीच्या लग्नाची तयारी चालू आहे. गोरज मुहूर्तावर मंगलाष्टकांसाठी यजमान सावकारांना बोलवायला माणूस माडीवर जातो आणि सावकार मेलेले आढळतात. संशय पुतण्यावर आहे, परंतु पुतण्या त्या दिवशी मिरजेहून आगगाडीने आला आणि गाडी कोल्हापूर स्टेशनात साडेपाचला लागली, म्हणजे प्रेत सापडल्यानंतर, असे कागद सांगतात. फौजदार या कागदांतून वाट काढतात. सगळी कादंबरी त्या साडेपाचवर उभी आहे, तेव्हा तपासणीही तेथूनच सुरू करायला हवी.

१९ जानेवारी

प्रथम मालिकेची चोपडी काढली. फौजदारांचे वय, गुडघ्याचे दुखणे, धाकट्या बहिणीचे सासर, घोड्याचा रंग असे सगळे त्या चोपडीत पुस्तकवार लिहून ठेवले आहे.

वयाचा गोंधळ अपेक्षेप्रमाणे निघाला. पहिल्या कादंबरीचा काळ १८७० चा असून तेथे ते तेवीस वर्षांचे आहेत. तिसऱ्या पुस्तकात ते स्वतःच सांगतात की १८५७ च्या जुलैअखेरीस कोल्हापुरात सत्ताविसाव्या पलटणीने उठाव केला तेव्हा ते दहा वर्षांचे होते. हे दोन्ही तपशील जुळतात आणि त्यांवरून जन्म १८४७ चा ठरतो. अडचण अलीकडच्या पुस्तकाने केली आहे. १८८८ च्या त्या कथेत बाईंनी त्यांना ‘पन्नाशी उलटलेले’ म्हटले आहे, वास्तविक ते तेव्हा एकेचाळीस वर्षांचे असायला हवेत. लांबलेल्या मालिकेत नायक लेखकाबरोबर म्हातारा होत जातो. कथेतील वर्षे मात्र त्या वेगाने सरत नाहीत.

नव्या खर्ड्यात बाईंना फौजदार निवृत्त, थकलेले आणि पन्हाळ्यावर विश्रांती घेत असलेले हवे आहेत. सत्तेचाळिसाव्या वर्षी वयामुळे निवृत्ती पटणार नाही, म्हणून गुडघ्याचे दुखणे पुढे आणावे आणि त्यांना नोकरीतून रजेवर ठेवावे असे सुचवले. बाईंनी ते लगेच मान्य केले. पन्हाळ्यावर असल्यामुळे त्यांना खुनाची जागा पाहायला मिळत नाही, केवळ कागदांच्या नकला मिळतात. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल असे वाटते.

२७ जानेवारी

तारखेची तपासणी. १० नोव्हेंबर १८९४ हा शनिवार होता आणि शके १८१६ चा कार्तिक शुद्ध पक्ष चालू होता. पौर्णिमा दोन-तीन दिवसांवर आली होती. तुळशीचे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत लावले जाते, तेव्हा वाड्यातील प्रसंगाला बाध येत नाही. बाईंनी हे पंचांग पाहून ठरवले की अंदाजाने, हे विचारले नाही.

पाठलागाच्या प्रकरणाला मात्र बाध येतो. खुनानंतर तासाभराने एक माणूस पंचगंगेच्या घाटावरून ‘किर्र काळोखात’ निसटतो, असे खर्ड्यात आहे. पौर्णिमा इतकी जवळ असताना सूर्य मावळण्यापूर्वीच चंद्र पूर्वेला वर आलेला असतो, म्हणजे त्या संध्याकाळी घाटावर माणूस ओळखू येण्याइतके चांदणे असणार. प्रकरण चांदण्यात घडवावे लागेल. माझ्या मते ते त्याने अधिक चांगले होईल, कारण दीपमाळांच्या सावल्या मिळतील आणि पळणाऱ्याला लपायला जागा शोधावी लागेल. बाईंनी समासात ‘बघते’ असे लिहिले आहे. बाईंचे ‘बघते’ म्हणजे बहुतेक वेळा होकारच असतो.

दुसरी खूण शाहूपुरीची. पुतण्याचा टांगा स्टेशनातून निघून शाहूपुरीच्या पेठेतून गावात येतो. शाहू महाराजांनी गुळाच्या व्यापारासाठी ती पेठ वसवली ती १८९५ मध्ये, म्हणजे कथेच्या पुढच्या वर्षी. तो परिच्छेद काढून टांगा मोकळ्या माळावरून आणावा. स्टेशन तेव्हा गावाच्या बाहेर होते, आणि या कथेत ते बाहेर असणे महत्त्वाचे आहे. महाराजांनी स्वतः २ एप्रिल १८९४ रोजी गादीचा कारभार हाती घेऊन सातच महिने झालेले आहेत. त्यांच्या तोंडी काल्पनिक वाक्य घालायचे नाही, हा बाईंचा पहिल्या पुस्तकापासूनचा नियम आहे. त्याच नियमामुळे १८८३ मध्ये नगरच्या किल्ल्यात झालेल्या कोल्हापूरच्या चौथ्या शिवाजी महाराजांच्या मृत्यूला मालिकेने कधी हात लावलेला नाही. खऱ्या माणसाच्या मृत्यूचा काल्पनिक उलगडा करण्याचा मोह अनेकांना होतो. तो टाळल्याबद्दल माझ्या मनात बाईंविषयी आदर आहे.

१ फेब्रुवारी

किरणोत्सवाचा मधला दिवस असल्याने संध्याकाळी देवळात गेलो. नोव्हेंबरच्या ९, १० आणि ११ तारखा व जानेवारीची ३१ आणि फेब्रुवारीच्या १ व २ तारखा असे हे दोन मोसम मानले जातात, आणि त्यामागचा हिशेब सोपा आहे. २१ डिसेंबरच्या सुमारास सूर्य सर्वांत दक्षिणेला असतो. १० नोव्हेंबर त्याच्या एकेचाळीस दिवस आधी येतो आणि ३१ जानेवारी एकेचाळीस दिवस नंतर, म्हणून दोन्ही वेळा सूर्य क्षितिजावर जवळपास एकाच बिंदूला मावळतो आणि पश्चिमाभिमुख देवळाच्या अक्षाशी त्याची किरणे जुळतात.

गर्दीत उभे राहून मी केवळ प्रकाशाचा वेग पाहत होतो, कारण खर्ड्यात किरणे ‘झपकन’ मूर्तीपर्यंत धावतात. तसे होत नाही. महाद्वारातून आलेला पट्टा आधी गरुड मंडपाच्या लाकडी खांबांमध्ये रेंगाळतो. तेथे तो फिकट पिवळा असतो आणि त्यात धूळ दिसते. मग तो फरशीवरून पुढे सरकू लागतो. सूर्य जसजसा खाली जातो तसतसा तो लांब, तांबूस आणि अरुंद होत जातो. पितळी उंबऱ्याशी आला की पितळेवरून उजेडाची एक तिरीप वर छताकडे जाते, आणि तेवढा एक क्षण लोक देवीऐवजी वर पाहतात. आतले दिवे तोपर्यंत बंद केलेले असतात. गाभाऱ्यात शिरणारा उजेड त्यामुळेच उठून दिसतो.

लोक त्या क्षणी वर पाहतात, ही गोष्ट बाईंना कळवली. सगळ्या पेठेचे डोळे एका जागी लागलेले असताना शेजारच्या वाड्याच्या माडीवर कोण चढले याकडे कोणाचे लक्ष असणार, हा खर्ड्यातला तर्क त्यामुळे पक्का होतो.

५ फेब्रुवारी

आजचे सगळे काम वेळेचे होते आणि त्यात कथानकाचे एक मोठे भगदाड सापडले.

बाईंनी सूर्यास्ताची वेळ गेल्या वर्षीच्या फेब्रुवारीतील निरीक्षणावरून घेतली आहे. सूर्य दोन्ही मोसमांत एकाच जागी मावळतो, म्हणून वेळही एकच असेल असे त्यांनी धरले. परंतु घड्याळ आणि सूर्य वर्षभर बरोबरीने चालत नाहीत. नोव्हेंबरच्या सुरुवातीला सूर्य घड्याळाच्या सुमारे १६ मिनिटे पुढे असतो, तर फेब्रुवारीच्या सुरुवातीला सुमारे साडेतेरा मिनिटे मागे. त्यामुळे आजच्या घड्याळाने कोल्हापुरात १० नोव्हेंबरचा सूर्यास्त सहाच्या सुमारास आणि १ फेब्रुवारीचा साडेसहाच्या सुमारास होतो. क्षितिजावरचा बिंदू एकच असूनही वेळेत जवळजवळ अर्ध्या तासाचे अंतर पडते.

आता हे १८९४ च्या घड्याळात आणले पाहिजे. भारतीय प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासूनची आहे, तिच्याआधी गावोगावी आपापली स्थानिक वेळ चालत असे. कोल्हापूर ७४ अंश १४ मिनिटे पूर्व रेखांशावर असल्यामुळे त्याची स्थानिक वेळ आजच्या प्रमाणवेळेच्या सुमारे ३३ मिनिटे मागे येते. त्या हिशेबाने १० नोव्हेंबरचा सूर्यास्त पाच वाजून २६ मिनिटांनी होतो. खर्ड्यात तो सहाला पाच मिनिटे कमी असताना दाखवला आहे. तो तसाच राहिला तर साडेपाचच्या गाडीने उतरलेल्या पुतण्याला सूर्यास्तापूर्वी पंचवीस मिनिटे मोकळी मिळतात. टांगा स्टेशनापासून महाद्वारापर्यंत पाव तासात येतो, म्हणजे रहस्य पहिल्याच प्रकरणात संपते. पाच-सव्वीस ही खरी वेळ घातली की गाडी सूर्यास्तानंतर आलेली ठरते आणि पुतण्याची बाजू उभी राहते.

मग ती पडते कशी? बाईंची युक्ती येथे आहे आणि ती सुंदर आहे. त्या काळी हिंदुस्थानातील रेल्वे मद्रास वेळेवर चालत. मद्रास आणि कोल्हापूर यांच्या स्थानिक वेळांत २४ मिनिटांचा फरक पडतो. तेव्हा स्टेशनातल्या घड्याळात साडेपाच वाजतात तेव्हा गावात पाच वाजून सहाच मिनिटे झालेली असतात. पुतण्याने खोटे काहीच सांगितलेले नाही. तो साडेपाचलाच उतरला, फक्त ते साडेपाच रेल्वेचे होते.

२४ मिनिटे म्हणजे बरोबर एक घटका. हे बाईंच्या लक्षात आलेले नव्हते. मी फोन करून सांगितले तेव्हा त्या काही वेळ बोलल्या नाहीत, नंतर ‘पुस्तकाचं नाव बदलावं लागेल’ एवढेच म्हणाल्या.

१४ फेब्रुवारी

तरीही माझी मोठी हरकत कायम आहे आणि आज ती बाईंच्या घरी बसून सविस्तर मांडली.

मिरज ते कोल्हापूर रेल्वे १८९१ मध्ये सुरू झाली. कथेच्या वेळी गावाला आगगाडीची सवय होऊन तीन वर्षे उलटून गेली होती. रेल्वेचे घड्याळ गावाच्या पुढे असते, हे टांगेवाल्यापासून हमालापर्यंत सर्वांना ठाऊक असणार, कारण ज्याला ते ठाऊक नसेल त्याची गाडी चुकत असे. मुंबईत तर १८८१ मध्ये सरकारने मद्रास वेळ शहरावर लादण्याचा प्रयत्न केला तेव्हा लोकांनी कडाडून विरोध केला होता. वेळांचे हे दुहेरीपण त्या पिढीच्या रोजच्या बोलण्यातले होते, त्यात गुपित काहीच नव्हते. मग तपास करणारे अंमलदार, दिवाणी-फौजदारीचे कारकून आणि स्वतः फौजदार अडीचशे पानांपर्यंत ही गोष्ट विसरतात, हे कसे मानायचे?

बाई म्हणाल्या, “अहो, वाचक फसला म्हणजे झालं. त्याला कुठे मद्रास वेळ माहीत आहे?”

मी म्हटले, “बाई, वाचक आजचा आहे हे खरं, पण फौजदार तर १८९४ चे आहेत ना?”

माझे म्हणणे असे की ऐतिहासिक रहस्यकथेत वाचकाला फसवण्याचा एक सोपा मार्ग नेहमीच उपलब्ध असतो. त्या काळी सर्वांना माहीत असलेली आणि आज विस्मरणात गेलेली एखादी गोष्ट दडवून ठेवायची आणि शेवटी ती बाहेर काढायची. त्यात लेखकाचे कौशल्य काही नाही, मधल्या शंभर वर्षांनी ते काम केलेले असते. शिवाय अशा कथेत त्या काळची माणसे आपोआप मूर्ख ठरतात, आणि ज्या मालिकेने इतकी वर्षे कोल्हापूरची माणसे शहाणी दाखवली तिच्यात हे बसत नाही. कोडे असे हवे की जे त्या काळच्या जाणत्या माणसालाही चकवील, आणि त्याची उकल त्या काळच्याच माहितीतून निघेल.

बाईंनी हे मान्य केले नाही. त्यांचे उत्तरही टाकाऊ नव्हते. माणसे रोजच्या सवयीचीच गोष्ट विसरतात, आणि गुन्हेगार नेमके त्याच सवयीआड लपतात, असे त्या म्हणाल्या. मी म्हटले की तसे असेल तर विसरण्याची जागा कथेत दाखवावी लागेल. कोण विसरले, कोणत्या कागदावर, आणि का? चहा दुसऱ्यांदा झाला तरी उत्तर मिळाले नाही, तेव्हा विषय तेथेच सोडला.

१७ फेब्रुवारी

बाईंचा सकाळीच फोन आला. विसरण्याची जागा त्यांना सापडली आहे आणि ती मला सुचली नसती.

कोणीच विसरलेले नाही. पुतण्याची जबानी पहिल्या कारकुनाने मोडीत घेतली आणि त्याने सांगितलेली वेळ जशीच्या तशी उतरवली, कारण रेल्वेची वेळ वाचणारा आपली आपण वजा करून घेईल असे त्याने धरले. अंमलदाराने ती जबानी वाचली आणि वजाबाकी कारकुनाने आधीच केली असेल असे धरले, कारण त्याच्या स्वतःच्या कचेरीत तशीच रीत होती. नकलनवीसाने नक्कल केली आणि ती पन्हाळ्यावर फौजदारांकडे गेली. प्रत्येकाला फरक माहीत आहे आणि प्रत्येकाला वाटते की तो आधीच्याने लक्षात घेतला आहे. कोणत्याही सरकारी कचेरीत पाऊल टाकलेल्या वाचकाला हे शपथेवर पटेल.

फौजदार प्रत्यक्ष जागेवर असते तर त्यांनी एका प्रश्नात हे सोडवले असते. ते कागदांवर अवलंबून आहेत, म्हणून त्यांना वेळ लागतो. गुडघ्याचे दुखणे असे कामी आले.

वाचकाशी सचोटी राखायची तर एक खूण आधी पेरायला हवी. तिसऱ्या प्रकरणात तारमास्तराची जबानी आहे, ती दुसऱ्या कारकुनाने घेतलेली दाखवायची आणि तीत ‘गावचे घड्याळाप्रमाणे’ असे शब्द घालायचे. पुतण्याच्या जबानीत ते शब्द नसतील. दोन्ही कागद वाचकापुढे पूर्ण ठेवायचे. ज्याला पाहायचे असेल त्याला पाहता येईल.

२ मार्च

उलगड्यासाठी तिसरा, स्वतंत्र साक्षीदार लागतो आणि तो वाड्यातच बसलेला आहे. तुळशीच्या लग्नाचा मुहूर्त पाहणारे जोशीबुवा घटिकापात्र, म्हणजे बुडाला छिद्र असलेली आणि घटकाभरात पाण्यात बुडणारी वाटी, लावून बसले होते. त्यांच्या वेळेला ना गावाचे घड्याळ लागते ना रेल्वेचे, ते सूर्योदयापासून मोजतात. त्या दिवशी सूर्योदय सहा वाजून दोन मिनिटांच्या सुमारास आणि सूर्यास्त पाच-सव्वीसला, म्हणजे दिनमान ११ तास २४ मिनिटांचे, अर्थात साडेअठ्ठावीस घटका. गाडी पाच वाजून सहा मिनिटांनी लागली तेव्हा जोशीबुवांच्या हिशेबाने सत्तावीस घटका आणि चाळीस पळे (साठ पळांची एक घटका) झाली होती. गाडीची शिट्टी वाड्यात ऐकू आली तेव्हा अठ्ठाविसावे पात्र अजून बुडायचे होते, एवढे त्यांचे एक वाक्य सगळ्या कागदांना पुरून उरते. शिट्टी त्या काळच्या मोकळ्या माळावरून महाद्वारापर्यंत ऐकू येऊ शकते, हे मी बाईंच्या भरवशावर सोडले आहे.

पात्राचे वर्णन खर्ड्यात पुस्तकी होते, म्हणून ओळखीच्या तांबटाकडून एक पातळ वाटी करवून घेतली आणि तिच्या बुडाला बारीक छिद्र पाडून पाहिले. घंगाळात सोडलेली वाटी सुरुवातीला इतकी हलकी तरंगते की फुंकर मारली तरी काठाकडे सरकते. छिद्रातून आत पाण्याचा एक लहानसा कोंब सतत उसळत असतो. निम्म्याहून अधिक भरेपर्यंत काही घडते आहे असे वाटतच नाही. शेवटी काठ पाण्याच्या पातळीला टेकतो, क्षणभर पाणी काठाशी फुगून थांबते, आणि मग वाटी एकदम खाली जाऊन घंगाळाच्या बुडाशी टणकन वाजते. पाहत बसलेल्या माणसाची मान लवली तरी त्या आवाजाने तो जागा होतो. माझी वाटी घटकेच्या बरीच आधी बुडते, छिद्र मोठे झाले आहे, पण वर्णनापुरते काम झाले. तो टणत्कार बाईंनी लगेच उचलला आणि माडीवरच्या पावलांच्या आवाजाआधी ठेवला.

१५ मार्च

दुसरा खर्डा आला. सूर्यास्त, चांदणे, माळरान आणि जबान्या जागच्या जागी आहेत. किरणे आता धावत नाहीत.

एक नवी खूण करावी लागली. फौजदार समईवरचा बोटांचा ठसा कागदावर उतरवून घेतात आणि संशयितांच्या ठशांशी ताडतात, असा परिच्छेद मध्येच आला आहे. बोटांच्या ठशांचे पहिले कार्यालय कलकत्त्यात १८९७ मध्ये निघाले. इंग्रज अधिकारी विल्यम हर्शेल यांनी बंगालात हाताचे ठसे करारांवर घ्यायला १८५८ पासून सुरुवात केली होती हे खरे, पण समईवरच्या ठशावरून माणूस शोधणे १८९४ च्या कोल्हापुरात शक्य नाही. परिच्छेद काढला. नाहीतरी जोशीबुवांच्या साक्षीपुढे त्याची गरज उरलेली नव्हती.

फौजदारांच्या वयाचे ‘पन्नाशी उलटलेले’ हे शब्द जुन्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीत ‘चाळिशी उलटलेले’ असे करायचे ठरले. प्रकाशकांना कळवले आहे.

२९ मार्च

शेवटचे वाचन झाले. कादंबरीअखेरच्या निवेदनात काय सांगायचे यावर थोडी चर्चा झाली. बाईंना निवेदने आवडत नाहीत, कथेने स्वतःचे स्वतः बोलावे असे त्यांचे मत आहे. मी दोन गोष्टींवर अडून बसलो. गाडीची साडेपाचची वेळ कथेपुरती कल्पिलेली आहे आणि गावाने त्या काळी स्थानिक वेळ पाळली असे कादंबरीत धरले आहे, हे स्पष्ट लिहायला हवे, कारण उद्या एखादा वाचक ती वेळ खरी समजून अन्यत्र वापरील. मद्रास वेळ, सूर्यास्त आणि चंद्र मात्र कल्पित नाहीत. बाईंनी निवेदन चार ओळींचे केले आणि त्यातली एक ओळ माझ्या वाटीला दिली.

मुखपृष्ठाच्या आतील नकाशाचे काम राहिले आहे. चित्रकाराने स्टेशनापासून महाद्वारापर्यंत आजचे रस्ते काढले आहेत आणि शाहूपुरी पुन्हा नकाशात आली आहे. तो भाग कोरा ठेवावा, टांग्याची वाट तुटक रेषेने दाखवावी आणि पंचगंगेवरचा पूल तसाच राहू द्यावा, कारण तो १८७८ चा आहे. सोमवारी त्याच्याकडे दुरुस्त प्रत न्यायची आहे.